नावाचे वाटेकरी

पुकारणाऱ्यानं खड्या आवाजात "लेमाउतूचा प्याला" असं म्हटलं, आणि तो घ्यायला सहा हात एकदम पुढं आले.

करवंटीत कावा, मुळी कुटून केलेलं मानाचं पेय, घेऊन निघालेला वाढपी बैठकीच्या मधोमध थबकला. कोणीतरी फिसकन हसलं. राजधानीहून, अपियाहून आलेल्या फेरेतीनं आपल्या पांढऱ्या सदऱ्याची बाही सावरली आणि बसल्या जागेवरून सांगितलं, "कोणालाही दे. सगळेच लेमाउतू आहेत."

मागच्या बाजूला भाजलेल्या डुकरांवरच्या माश्या हाकत बसलेल्या फुआतिनोचा हात थांबला. एक माशी डुकराच्या मिटलेल्या डोळ्यावर बसली. तिनं ती बसू दिली.

लेमाउतू हे तिच्या माहेरच्या घराण्याचं नाव. एका वेळी एकाच माणसानं ते घ्यायचं, आणि घेतलं की जन्माचं नाव मागं टाकायचं. गावच्या पंचांत त्यानंच बसायचं, जमिनीचे तुकडे त्यानंच वाटून द्यायचे, घरातल्या कोणाच्या हातून वाईट घडलं तर तोंड दाखवायला त्यानंच पुढं व्हायचं. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत हे नाव तिच्या थोरल्या भावाचं होतं. तो वारला तेव्हा तानुवाई गावानं तीन दिवस समुद्रात होडी घातली नव्हती.

आणि आता ही बैठक. कोणी म्हणे सव्वीस जणांना नाव मिळतंय, कोणी म्हणे अठ्ठावीस. त्यांतल्या निम्म्यांची तोंडं फुआतिनोनं आज पहिल्यांदा पाहिली. डोंगरापलीकडून अपियाची बस घेऊन येणारा विली होता. फेरेतीच्या पेढीवरचा कारकून मोसेसे होता, त्याच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास डुकराच्या चरबीत मिसळून तिच्यापर्यंत येत होता. एक जण तर घराण्याशी आपलं नातं कुठून लागतं ते शेजाऱ्याला विचारून घेत होता. शेजाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं.

हे सुरू झालं ते भावाच्या मातीनंतर तिसऱ्या आठवड्यात. फेरेती हा भावाचाच मुलगा. लहानपणीच तो अपियाला शिकायला गेला, तिथंच एका व्यापारी पेढीत लागला, आणि गावात यायचा तो नाताळला, बिस्किटांचा डबा घेऊन. त्या दिवशीही त्यानं डबा आणला, आत्याच्या गालाला गाल लावला आणि मांडी घालून बसला. बापाबद्दल दोन शब्द बोलून झाल्यावर त्यानं निवडणुकीची गोष्ट काढली. स्वराज्य दाराशी आलंय, म्हणाला. अपियात मोठी सभा भरणार, कायदे आता आपलीच माणसं करणार, आणि या भागातून मी उभा राहतोय.

फुआतिनोला त्यात वावगं वाटलं नाही. राहा उभा, ती म्हणाली.

अडचण मतांची होती. मत होतं ते फक्त नाव धारण केलेल्या माणसाला. बाकी कोणाला नाही. मग तो शाळेतला मास्तर असो नाहीतर वाडीत राबणारा. आपल्याच सामोअन वडीलधाऱ्यांनी हे हट्टानं मागून घेतलं होतं, आणि राज्य करणाऱ्या न्यूझीलंडच्या साहेबांनी मान डोलावली होती. अपियातल्या गोऱ्यांची आणि अर्ध्या गोऱ्यांची यादी मात्र वेगळी. तिथं वयात आलेल्या प्रत्येकाला मत. बंदरावरच्या जर्मन दुकानदाराच्या नातीला मत होतं, जिला नारळ फोडायला नोकर लागायचा. फुआतिनोच्या मुलाला, पेनीला, नव्हतं.

फेरेतीच्या विरुद्ध आफुली गावचा आसोमुआ उभा होता, आणि त्यानं, फेरेती म्हणाला, आपल्या घराण्याचं नाव पानं वाटावीत तसं वाटायला काढलंय. मग आपण काय हात बांधून बसायचं? आपणही नाव वाढवायचं.

"नाव वाढवायचं म्हणजे काय रे?"

"नाव एकच, आत्या. घेणारे जास्त."

"डुकराचे वाटे करतात तसे?"

"डुक्कर वाटलं की संपतं. नाव थोडंच संपतंय?"

ती उठली आणि त्याच्यासमोरचा रिकामा पेला घेऊन आत गेली. तिच्यापुरतं बोलणं तिथं संपलं होतं. भावाच्या घरात बहिणीचा शब्द मोडून काही होत नाही, ही रीत फेरेतीलाही ठाऊक होती. तो मुकाट्यानं परत गेला.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. या वेळी बिस्किटं नव्हती. त्यानं पेनीची गोष्ट काढली.

पेनी चाळिशी उलटलेला, अबोल माणूस. नवरा गेल्यावर फुआतिनो त्याला घेऊन माहेरी आली, तेव्हापासून तो मामाच्या हाताखाली राबला. पहाटे उठून स्वयंपाकाच्या भट्टीचे दगड तापवायचे, मामाचं ताट आधी वाढायचं, तारोच्या कंदांची वाडी राखायची, पंच बसले की बाहेर उन्हात उभं राहायचं. नाव मिळवायचा रस्ता हाच, असं सगळेच सांगत आले होते. सेवा करत राहा, नाव आपोआप येईल. मामा आजारी पडला तेव्हा त्याची घाणही पेनीनंच काढली, आणि फेरेतीनं अपियाहून औषधाची बाटली पाठवली.

फेरेती म्हणाला, तुझा शब्द मिळाला तर पेनीचं नाव पहिल्या पाचांत घालतो. नाही मिळाला तर मी कोर्टातून माझ्या एकट्याच्या नावावर करून घेईन, मी मुलगाच आहे. मग पेनी जन्मभर भट्टीपाशीच.

फुआतिनोनं विचारलं, नाव घेणारे बाकीचे कोण. त्यानं सांगितलं. एकेका नावासरशी तिच्या तोंडाची चव जात राहिली. शेवटी ती हो म्हणाली.

पेनीला तिनं संध्याकाळी सांगितलं. तो लाकडी घोडीवर बसून नारळ खवत होता.

"मला न विचारता हो म्हणालीस?"

"वीस वर्षं तू त्या नावाचं अन्न वाहिलंयस."

"मी मामाचं अन्न वाहिलं," तो म्हणाला. "नावाचं नाही."

आणि तो खवत राहिला. वाटी रिकामी झाली तरी तो ती फिरवतच होता. फुआतिनोनं त्याच्या गप्प बसण्याचा आपल्याला हवा तो अर्थ घेतला.

आता बैठकीत प्याले फिरत होते. गोंधळ नको म्हणून पुकारणारा आता जन्माचं नावही जोडत होता, आणि पाचवा पुकारा पेनीचा होता. पुकारणाऱ्यानं एकदा हाक दिली, दुसऱ्यांदा दिली. मोसेसेच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. लोक माना वळवून पाहू लागले. तेवढ्यात मागच्या बाजूनं पेनी आला. कमरेला जुनाच फडका, कोपरापर्यंत हात काजळीनं काळे. माडाच्या झावळीची टोपली त्यानं वाढप्यांपाशी ठेवली आणि खाली वाकून आईजवळ उकिडवा बसला.

"भट्टीत अजून दोन डुकरं आहेत," तो हळू म्हणाला. "उचलायला कोणी नाही."

"काल तर दहा जण होते."

"ते सगळे इथं बसलेत."

तिनं त्याचं मनगट धरलं. त्यानं ते सोडवून घेतलं, रागानं नाही, आणि आला तसा परत गेला. बैठकीकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

थोडी कुजबुज झाली. फेरेतीचा चेहरा क्षणभर उतरला. किती जणांना नाव मिळणार तो आकडा आधीच अपियाला कळवून झाला होता, आणि यादीत एक जागा मोकळी ठेवणं त्याला परवडणारं नव्हतं. मग तो मागं वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं हसून म्हणाला,

"आत्या, मग तूच बस. वाटा वाया कशाला घालवायचा?"

पुरुष हसले. फुआतिनो हातात पंखा धरून बसली होती. पाहुण्या गावांचे लोक बघत होते, पाद्रीबाबा बघत होते. उठून शिव्या द्याव्यात असं तिला वाटलं. पण शब्द तिचाच होता. दार तिनंच उघडलं होतं. आणि हा एक तुकडा निदान परक्याच्या घशात जाणार नाही, असंही तिच्या मनात आलं. ती उठून पुढं जाऊन बसली. मातकट, कडसर कावा तिनं एका दमात प्यायला. करवंटीच्या काठाला आधीच्या कोणाच्या तरी ओठाचं तेल लागलेलं होतं.

निवडणुकीच्या दिवशी फेरेतीनं ट्रक पाठवला. अपियातले आणि आजूबाजूच्या गावांतले लेमाउतू त्यात दाटीवाटीनं उभे होते. जाताना गाणी म्हणायची ठरली होती, पण सगळ्यांना येणारं गाणं एकही निघालं नाही.

मतदान पाद्रीबाबांच्या शाळेत होतं. बाहेर नीरफणसाच्या झाडाखाली गावच्या बाया बसल्या होत्या, त्यांच्यात इओसेफो मास्तर होते. याच शाळेत त्यांनी फेरेतीला अक्षरं शिकवली होती. आज आत जायचा अधिकार नव्हता म्हणून ते स्वतःच्याच शाळेच्या आवाराबाहेर चटई टाकून बसले होते आणि हातातल्या टोपीनं वारा घेत होते. फुआतिनोला पाहून त्यांनी मान खाली वाकवली. नाव घेतलेल्या माणसासमोर वाकवावी तशी. तिला तिथल्या तिथं परत फिरावंसं वाटलं.

आत टेबलाशी न्यूझीलंडचा एक तरुण साहेब होता, नाकाची कातडी उन्हानं सोललेली. शेजारी सामोअन कारकून.

"नाव?"

"लेमाउतू."

"जन्माचं?"

"फुआतिनो."

साहेब यादीवरून बोट खाली नेत काहीतरी पुटपुटला आणि कारकून हसू दाबू लागला.

"काय म्हणाला तो?" तिनं विचारलं.

"काही नाही, आजी."

"सांग."

कारकुनानं साहेबाकडे एकदा पाहिलं. "म्हणतोय, या गावात डासांपेक्षा लेमाउतू जास्त आहेत."

तिच्या भावाचं नाव ऐकून एकेकाळी गोऱ्यांचा मोठा अधिकारीसुद्धा टोपी काढून उभा राहिला होता. तिनं कागद घेतला. साहेब खोटं बोलत नव्हता.

पडद्याआड तिच्यासमोर दोन नावं होती. आसोमुआच्या गावातही असाच बाजार भरला होता, त्याच्याही घरच्या डुकरांची हाडं अजून वाळूत पडलेली होती. कोऱ्याच कागदाची घडी घालावी असा विचार तिच्या डोक्यात आला. पण कावा ती प्यायली होती, आणि प्यायल्यावर फिरायचं नाही असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. तिनं फेरेतीच्या नावापुढं खूण केली. पेन्सिल आधीच्या हातांच्या घामानं ओलसर होती. बाहेर येताना तिनं बोटं पोलक्याला पुसली, मग आवाराबाहेरच्या गवताला पुसली. ट्रकपाशी मोसेसे मांसाचे डबे वाटत होता, मत देऊन आलेल्याला एक. तिनं घेतला नाही. मोसेसेनं तिच्या वाटणीचा आपल्या पिशवीत टाकला.

फेरेती निवडून आला. मतांचा फरक फार नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी मिरवणूक निघाली. पुढं फेरेतीची मोटार, मागं पानाफुलांनी सजवलेला तोच ट्रक, आणि ट्रक हाकायला बसवाला विली. दारूवर सरकारची बंदी, पण घरोघर गाळलेली सकाळपासून फिरत होती. मिरवणूक मुद्दाम आसोमुआच्या गावावरून, आफुलीवरून न्यायची, असं कोणीतरी काढलं. आफुलीच्या वळणावर तोमासी नावाचा माणूस खांद्यावर काठीला नारळ बांधून वाडीतून घरी चालला होता. विलीला वळण दिसलं ते उशिरा. तोमासी जागीच गेला. त्याला नाव नव्हतं, मत नव्हतं. निवडणूक कोण जिंकलं हेही कदाचित त्याला ठाऊक नसेल.

विली पळाला, आणि रात्री पोलिसांनी त्याला धरला. फेरेती पुढच्या मोटारीत होता. मागं काय झालं ते आपल्याला कळलंच नाही, असं त्यानं नंतर सांगितलं.

विली लेमाउतू होता, तेव्हा जाब लेमाउतूनं द्यायचा. रीत जुनी होती आणि कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मानाची चटई घेऊन पहाटे मेलेल्याच्या दारात जायचं, ती अंगावर ओढून जमिनीवर बसायचं. सोबत भट्टीचे दगड आणि जळण न्यायचं: आम्हाला भाजून खायचं असेल तर साहित्यही आम्हीच आणलंय, असा त्याचा अर्थ. मग आतल्यांनी ठरवायचं. चटई उचलली तर क्षमा. कोयता उचलला तर कोयता. उशीर केला तर मात्र आफुलीचे तरुण स्वतःच तानुवाईत आले असते, आणि मग हिशेब एका माणसावर थांबला नसता.

दुसऱ्या दिवशी फुआतिनोनं सगळ्या लेमाउतूंना निरोप धाडले. संध्याकाळपर्यंत नऊ जण आले. येताना कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं.

एक म्हणाला, आपला विलीशी काही संबंध नाही. दुसरा म्हणाला, थोरल्यानं जायचं असतं, आणि थोरला कोण यावर दोघांत जुंपली. दोघंही आपण धाकटे असल्याचं सांगत होते. तिसऱ्याची बायको बाळंत होणार होती. फेरेती स्वतः आला नव्हता. त्याच्या वतीनं मोसेसे आला होता, दोन खोकी डबे घेऊन. निरोप असा होता की आता कायद्याचं राज्य आहे, पोलीस आणि कोर्ट आपलं काम करतील. सभेच्या सदस्यानं लोकांच्या अंगणात चटईखाली बसणं गोऱ्यांपुढं बरं दिसणार नाही. डबे मात्र तोमासीच्या घरी जरूर पोचवावेत.

"मग तू चल," फुआतिनो मोसेसेला म्हणाली. "तूही लेमाउतूच आहेस."

मोसेसे दचकला. मग त्यानं अगदी समजुतीच्या स्वरात सांगितलं, "आजी, मी मतापुरता लेमाउतू आहे."

कोणी हसलं नाही. उलट दोन-चार माना हलल्या, सुटका झाल्यासारख्या. नेमका शब्द सापडला होता. थोड्या वेळानं तेच वाक्य आणखी एकानं म्हटलं, आणि मग तिसऱ्यानं.

फुआतिनो उठली आणि घरामागं गेली. केळीच्या बुंध्याशी वाकून तिनं पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकून टाकलं. तोंड पुसून ती परत आली तेव्हा ते डब्यांची खोकी उघडून बसले होते. तोमासीच्या घरी एवढे कशाला, असं कोणीतरी म्हणत होतं. ती त्यांना ओलांडून आत गेली, निजायच्या चटयांच्या थराखालून भावाची मानाची चटई काढली आणि झटकली. कापडासारखी मऊ, तीन पिढ्यांची. भिंती नसलेल्या त्या घरात ती काय करतेय हे सगळ्यांना दिसत होतं. सगळे डब्यांकडे बघत राहिले.

पहाटे ती निघाली तेव्हा पेनी रस्त्यावर उभा होता. एका खांद्यावर जळणाची मोळी, दुसऱ्यावर दगडांची टोपली. तिनं त्याला सांगितलं नव्हतं.

"तू कशाला? तू तर नाव घेतलं नाहीस."

"दगड जड आहेत," पेनी म्हणाला.

उजाडायच्या आत दोघं आफुलीत पोचली. कुत्री भुंकली, मग ओळख पटल्यासारखी गप्प झाली. तोमासीच्या घरात दिवे होते आणि बायांचं रडणं चालू होतं. घरासमोरच्या खडीवर पेनीनं दगड ओतले, मोळी सोडली. त्या आवाजानं आतलं रडणं थांबलं. फुआतिनो जमिनीवर बसली, खाली वाकली आणि चटई डोक्यावरून ओढून घेतली.

आत अंधार होता आणि जुन्या पानांचा, भावाच्या घराचा वास होता. खडी गुडघ्यांत रुतत होती. माणसं उठल्याचं, धावल्याचं तिला ऐकू आलं. कोणीतरी ओरडलं, कोणीतरी त्याला धरलं. मग दगडावर पातं घासल्याचा आवाज. ती प्रार्थना म्हणू लागली, पण पहिल्याच ओळीशी अडखळली. तिला मोसेसेचा चेहरा आठवत होता, आणि त्या चेहऱ्याच्या किळसेपुढं भीतीसुद्धा मागं पडत होती.

चटईची कड उचलली गेली. तिनं मान आणखी खाली घातली.

काजळीचा वास आला. पेनी सरपटत आत आला आणि तिच्या शेजारी, तिच्यापेक्षा थोडा पुढं, वाकून बसला. त्याचं रुंद अंग मधे आल्यावर तिला समोरचं काहीच दिसेना. तिनं त्याला कोपरानं मागं ढकलायचा प्रयत्न केला. तो हलला नाही.

उजाडलं. चटईच्या विणीतून उन्हाचे बारीक ठिपके आत पडू लागले. घाम मानेवरून ओघळत राहिला. शेवटी खडीवर सावकाश पावलं वाजली आणि थांबली. कडेखालून म्हाताऱ्या माणसाचे पाय दिसत होते, नखांत ओली माती अडकलेली.

"आत कोण आहे?" तोमासीच्या बापाचा आवाज होता.

फुआतिनोनं तोंड उघडलं.

"लेमाउतू," पेनी म्हणाला.

बाहेर कोयत्याचं पातं खडीला टेकलं.

"कितवा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

पेनीनं श्वास घेतला. त्याच्या बरगड्या हललेल्या तिला जाणवल्या.

"जो आलाय, तो," पेनी म्हणाला.

पाय तिथंच राहिले. घरातून कोणीतरी म्हाताऱ्याला काही सांगत होतं, चिडून, पुन्हा पुन्हा. मग एकदम चटई वर गेली आणि ऊन डोळ्यांत घुसलं. म्हातारा समोर उभा होता. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात चटईची कड. डोळे सुजलेले. त्यानं पेनीचे काळे हात पाहिले, फुआतिनोला पाहिलं, आणि मग त्यांच्या डोक्यावरून, तानुवाईकडून येणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. तो बाजूला वळून थुंकला.

"लाकडं परत घेऊन जा," तो म्हणाला. "तुमच्या घरात जेवणारे पुष्कळ आहेत."

पेनी उठला आणि मोळी बांधू लागला. दोरीला गाठ मारून तो टोपलीकडे वळला, तेव्हा म्हाताऱ्यानं हात आडवा केला. घराच्या कडेला, माडांखाली, दोन माणसं खड्डा खणत होती.

"दगड राहू दे. थडग्यावर रचायला लागतील."

पेनीनं मोळी खाली ठेवली. टोपली भरून खांद्यावर घेतली आणि तो खड्ड्याकडे निघाला. फुआतिनोनं चटईची घडी घातली, मागं उरलेल्या दगडांतला एक उचलून पोटाशी धरला, आणि त्याच्या मागोमाग गेली.